विमान-वाहतूक नियंत्रकांस सहकार्याचे शिक्षण हवे काय?

आकाशातून जाणारे विमान पाहिले की वैमानिकाच्या धैर्याचे व कौशल्याचे आपणांस कौतुक वाटते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या विमानाने किती उंचीवरून जावे, कोणत्या दिशेस वळावे, केव्हा उतरावे आणि आपली पाळी येईपर्यंत कोठे घिरट्या घालीत राहावे, हे ठरविणारी माणसे जमिनीवर बसलेली असतात, ही गोष्ट प्रवाशांपैकीही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. या माणसांना विमान-वाहतूक नियंत्रक म्हणतात. त्यांचे काम इतके तांत्रिक व इतके नियमबद्ध आहे की, त्यांना परस्परांशी सहकार्य कसे करावे याचे निराळे शिक्षण देणे म्हणजे माशाला पोहावयास शिकविण्यासारखे आहे, असे कोणी म्हटल्यास ते प्रथमदर्शनी पटण्याजोगे वाटते. तथापि गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून युरोपात असे शिक्षण देण्यात येत आहे. त्यासाठी नियंत्रकांस काही दिवस कामावरून मोकळे करावे लागते, शिकविणारे तयार करावे लागतात आणि पैसाही खर्चावा लागतो. तो वेळ व तो पैसा सत्कारणी लागतो किंवा नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम या कामाचे स्वरूप पाहू. १९२९ साली अमेरिकेतील सेंट लुई येथील विमानतळावर आर्ची लीग नावाचा गृहस्थ हातात दोन निशाणे घेऊन उभा राहत असे. एक निशाण 'या' म्हणून सांगे, दुसरे 'थांबा' म्हणून. हे सारे काम तो एकटा करू शकत असे, कारण विमाने थोडी होती व डोळ्यांना दिसत होती. आज एकाच विमानाचा प्रवास अनेक हातांतून पार पडतो. मनोऱ्यातील एक नियंत्रक त्याला जमिनीवरून धावपट्टीपर्यंत आणतो. दुसरा धावपट्टीवरून उड्डाणाची अनुज्ञा देतो. तिसरा त्याला विमानतळाच्या परिसरातून वर चढवितो. त्यानंतर ते विभागीय नियंत्रण केंद्राच्या ताब्यात जाते आणि एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे, एका देशाकडून दुसऱ्या देशाकडे सोपविले जाते. रडारच्या पडद्यासमोर बसलेला नियंत्रक वैमानिकाशी बोलतो, तर त्याच्या शेजारी बसलेला दुसरा नियंत्रक पुढे कोणती विमाने येणार, त्यांच्या उंचीविषयी शेजारच्या केंद्राशी काय ठरले, याचा हिशेब ठेवतो. दोन विमानांमध्ये उभे अंतर सामान्यतः एक हजार फूट, आणि आडवे अंतर रडारच्या मदतीने लांबच्या मार्गावर पाच सागरी मैल ठेवावे लागते. ताशी आठशे-नऊशे किलोमीटर वेगाची दोन विमाने समोरासमोर येत असतील, तर हे पाच मैल पुरते अर्धा मिनिटही पुरत नाहीत.

म्हणजे, नियंत्रक एकटाच आपल्या पडद्यासमोर बसून काम करतो असे जे बाहेरून दिसते, ते खरे नाही. त्याच्या कामातील नाजूक जागा बहुधा दोन माणसांच्या मध्ये असते. खो-खो खेळणाऱ्या मुलांना हे समजावयास कठीण जाऊ नये. बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप पडून 'खो' हा शब्द स्पष्ट उच्चारला गेल्यावाचून त्याने उठावयाचे नसते; आणि 'खो' देणाऱ्याने तो पुटपुटून चालत नाही. नियंत्रणाच्या खोलीत पाळी बदलताना नेमकी हीच अडचण येते. जाणाऱ्याच्या डोक्यात संपूर्ण चित्र असते. येणाऱ्याने ते काही मिनिटांत आपल्या डोक्यात उतरवून घ्यावयाचे असते. एखादे विमान 'सांगावयाचे राहून गेले' तर नियमांचे पुस्तक त्या क्षणी उपयोगी पडत नाही. म्हणूनच अनेक ठिकाणी या देवघेवीसाठी लेखी यादी ठेवतात, आणि उठलेला नियंत्रक काही वेळ नव्याच्या मागे उभा राहतो.

सहकार्याच्या शिक्षणाची कल्पना मूळची नियंत्रकांची नव्हे. ती वैमानिकांकडून आली. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी तेनेरीफ येथील लोस रोदेओस विमानतळावर दाट धुक्यात दोन प्रचंड बोइंग ७४७ विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे प्राणांस मुकली. विमान-वाहतुकीच्या इतिहासात अपघाताने इतका मोठा संहार दुसरा झालेला नाही. डच विमानाचा कप्तान आपल्या कंपनीतील अत्यंत वरिष्ठ आणि इतरांना शिक्षण देणारा वैमानिक होता. त्याला मार्गाची अनुज्ञा मिळाली होती, उड्डाणाची मिळाली नव्हती. सहवैमानिकाने मनोऱ्याला जे शब्द कळविले त्यांवरून विमान उड्डाणाच्या जागी उभे आहे की धावू लागले आहे, याचा निश्चित बोध होत नव्हता. मनोऱ्याने 'ओके' म्हटले आणि क्षणभर थांबून 'उड्डाणासाठी थांबा, मी सांगेन' असे कळविले. त्याच वेळी दुसऱ्या विमानाने आपण अजून धावपट्टीवरच असल्याचे सांगितले. दोन्ही संदेश एकाच लहरीवर एकदम निघाल्याने डच विमानात शिटीसारखा आवाज तेवढा ऐकू आला. तरीही त्या विमानातील इंजिनिअरला शंका आली. दुसरे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही काय, असे त्याने विचारले. कप्तानाने 'झाले' असे ठामपणे उत्तर दिले आणि इंजिनिअर गप्प बसला.

हे गप्प बसणे फार महाग पडले. पुढल्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, अमेरिकेतील पोर्टलंड येथे एक डीसी-८ विमान चाकांतील बिघाडाचा विचार करीत घिरट्या घालीत राहिले, आणि अखेर इंधन संपून कोसळले. त्यात दहा माणसे मृत्यू पावली. इंधन उतरत चालल्याचे इतरांना दिसत होते. पण ते कप्तानाच्या मनावर ठसेल अशा रीतीने कोणी बोलले नाही. या व अशा अपघातांवरून १९७९ साली अमेरिकेच्या नासा या संस्थेने सॅन फ्रान्सिस्को येथे विचारविनिमय घडवून आणला, आणि त्यातून वैमानिकांच्या सहकार्य-शिक्षणाचा पाया घातला गेला. कनिष्ठाने शंका स्पष्ट बोलून दाखवावी, वरिष्ठाने ती ऐकून घ्यावी, काम वाटून घ्यावे, आणि एका अडचणीत सर्वांनीच डोके घालून बसू नये, असा त्याचा मथितार्थ होता. आपल्याकडे वडीलधाऱ्यांसमोर न बोलणे ही सभ्यता मानली जाते. घरात ती शोभत असेल. पण विमानाच्या पुढील कक्षात तिच्यामुळे माणसे मेली आहेत, हे सांगितले पाहिजे.

तेनेरीफच्या अपघातानंतर शब्दांच्या बाबतीतही सुधारणा झाली. 'टेक-ऑफ' हा शब्द उड्डाणाची प्रत्यक्ष अनुज्ञा देताना किंवा ती रद्द करतानाच वापरावयाचा, एरवी 'डिपार्चर' म्हणावयाचे, असा दंडक पडला. नुसते 'ओके' म्हणून न भागवता मिळालेली सूचना वैमानिकाने पुन्हा म्हणून दाखवावयाची आणि नियंत्रकाने ती लक्षपूर्वक ऐकावयाची, यावर भर देण्यात आला.

वैमानिकांना लागू पडलेले तत्त्व नियंत्रकांना लागू पडते काय, हा प्रश्न यानंतर साहजिकच उत्पन्न झाला. १ फेब्रुवारी १९९१ रोजी संध्याकाळी लॉस एंजेलिस येथे मनोऱ्यातील नियंत्रक महिलेने एका लहान विमानास धावपट्टीवर उभे राहावयास सांगितले, आणि कामाच्या गर्दीत त्याचा विसर पडून एका मोठ्या विमानास त्याच धावपट्टीवर उतरण्याची अनुज्ञा दिली. ३५ माणसे दगावली. दुसऱ्याच एका लहान विमानाची चिठ्ठी तिच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती, आणि त्या विमानाच्या घोळात तिचे लक्ष गुंतले होते. चौकशी करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने मुख्य दोष तिच्या एकटीच्या माथी मारला नाही. एकाची चूक दुसऱ्याच्या नजरेस यावी अशी कामाची मांडणी मनोऱ्याच्या व्यवस्थापनाने केलेली नव्हती, असे त्याने नमूद केले. मला हा निष्कर्ष महत्त्वाचा वाटतो. माणूस चुकणार हे गृहीत धरून शेजारच्या माणसाला जागे ठेवणे, ही निराळी विद्या आहे.

याच दशकात युरोकंट्रोल या युरोपीय संस्थेने नियंत्रकांसाठी 'टीम रिसोर्स मॅनेजमेंट' या नावाचे शिक्षण आखले. सांघिक काम, प्रत्येकाची भूमिका, संभाषण, परिस्थितीचे भान, निर्णय घेणे आणि ताण हे त्याचे विषय होत. यात परीक्षा नसते आणि व्याख्यानही थोडेच असते. शिकविणारे बहुधा स्वतः नियंत्रकच असतात. प्रत्यक्ष घडलेली एखादी घटना समोर ठेवून, 'येथे कोणाला काय ठाऊक होते, आणि ते इतरांस का सांगितले गेले नाही', याची चर्चा करतात. बाहेरचा पंडित येऊन मैत्रीभावाचा उपदेश करू लागला, तर नियंत्रकांसारखी व्यवहारी माणसे जांभया देतील, हे आयोजकांनी ओळखलेले दिसते.

याविरुद्ध बोलणाऱ्यांचे म्हणणे मात्र हलके समजू नये. त्यांच्या हाती आपल्याच देशातील दुःखद उदाहरण आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे बोइंग आणि कझाकस्तानचे इल्यूशिन यांची टक्कर होऊन दोन्ही विमानांतील ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. दिल्लीच्या नियंत्रकाने एकास चौदा हजार व दुसऱ्यास पंधरा हजार फूट उंची नेमून दिली होती, आणि समोरून येणाऱ्या विमानाची सूचनाही दिली होती. कझाक विमान आपल्या उंचीखाली उतरले. त्या विमानात मनोऱ्याशी इंग्रजीत बोलणारा रेडिओ-चालक निराळा आणि विमान हाकणारे निराळे होते. नियंत्रकाच्या शिक्षणाने येथे काय साधले असते? फारसे काही नाही. दिल्लीस त्या वेळी विमानाची उंची पडद्यावर दाखविणारे रडार कार्यरत असते, तर कदाचित वेळीच सावध करता आले असते. येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांचे मार्ग तेथे पुढे वेगळे करण्यात आले, आणि टक्कर टाळण्याची सूचना देणारे यंत्र विमानात असणे भारतात सक्तीचे झाले. तेव्हा, 'पैसा यंत्रांवर खर्च करा, गप्पांच्या वर्गांवर नको', असे कोणी म्हटल्यास त्याला आधार नाही असे नाही.

पण यंत्रांचीही कथा सरळ नसते. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतील उबरलिंगेन गावावर रशियाचे एक प्रवासी विमान आणि एक मालवाहू बोइंग यांची टक्कर झाली. ७१ माणसे गेली. त्यांत बहुसंख्य सुटीसाठी निघालेली शाळकरी मुले होती. त्या आकाशाचे नियंत्रण स्वित्झर्लंडमधील झुरिक येथून होत असे. रात्रपाळीस दोन नियंत्रक होते, पण वाहतूक कमी झाली की एकाने विश्रांतीस जावयाचे, ही तेथील रूढ पद्धत होती आणि वरिष्ठांना ती ठाऊक होती. राहिलेला एकटा नियंत्रक दोन जागांचे काम पाहत होता. उशिरा आलेल्या एका विमानाला फ्रिड्रिक्सहाफेन येथे उतरविण्याच्या खटपटीत तो गुंतला होता. देखभालीच्या कामामुळे टक्करीची आगाऊ सूचना पडद्यावर दाखविणारी यंत्रणा चालू नव्हती, आणि दूरध्वनीची मुख्य व्यवस्था बंद होती. शेजारच्या जर्मनीतील कार्ल्सरूह केंद्रात नियंत्रकांना आपल्या पडद्यावर हा धोका दिसला. ते झुरिकला पुनःपुन्हा दूरध्वनी करीत राहिले, पण तो लागला नाही. झुरिकच्या नियंत्रकाच्या लक्षात हे आले तेव्हा पाऊण मिनिटही उरले नव्हते. त्याने रशियन विमानास खाली उतरावयास सांगितले. त्याच वेळी त्या विमानातील यंत्र वर चढावयास सांगत होते आणि दुसऱ्या विमानातील यंत्र त्याच्या वैमानिकांस खाली उतरावयास सांगत होते. यंत्र काय सांगत आहे हे जमिनीवरील माणसाला दिसत नव्हते. दोन्ही विमाने उतरली आणि एकमेकांस भिडली.

या घटनेत यंत्रे होती, नियम होते, अनुभवी माणूस होता. नव्हता तो शेजारी बसलेला दुसरा माणूस. दुरुस्तीचे काम आज रात्री चालणार आहे आणि त्यामुळे अमुक साधने मिळणार नाहीत, याचा नीट अर्थ त्या पाळीतील माणसांनी एकत्र बसून लावला असता, तर 'आज मी विश्रांतीस जात नाही' असे कोणी म्हटलेही असते. सहकार्याचे शिक्षण उपयोगी पडते ते अशा जागी. परंतु तेथेच त्याची मर्यादाही दिसते. एका माणसाने दोन जागा सांभाळण्याची प्रथा जोवर वरिष्ठांनी चालू दिली आहे, तोवर खालच्या माणसांना सहकार्याचे धडे देऊन काय होणार? २००७ साली स्विस न्यायालयाने त्या नियंत्रण-संस्थेतील चौघांस दोषी ठरविले, आणि त्यांत व्यवस्थापक होते. यापुढे यंत्र व नियंत्रक यांच्या सूचनांत विरोध आल्यास वैमानिकाने यंत्राचीच सूचना पाळावी, हेही जगभर निःसंदिग्धपणे ठरविण्यात आले.

शिक्षणाचा परिणाम मोजून दाखवा, अशी मागणी केली जाते. ती रास्त आहे, पण पुरी करणे अवघड आहे. विमानांचे अपघात इतके विरळ असतात की एखाद्या केंद्रात दहा वर्षे अपघात झाला नाही, याचे श्रेय शिक्षणास द्यावे, रडारला द्यावे की दैवाला, हे सांगता येत नाही. वैमानिकांच्या अशाच शिक्षणावरील ५८ अभ्यासांचा एक आढावा २००१ साली प्रसिद्ध झाला. शिकणाऱ्यांना शिक्षण आवडते, त्यांचे ज्ञान वाढते आणि सिम्युलेटर नावाच्या कृत्रिम कक्षातील त्यांची वागणूक पुष्कळदा सुधारते, असे त्यात आढळले. प्रत्यक्ष सुरक्षिततेत किती भर पडते, हे मात्र सिद्ध झालेले नव्हते. टेक्सास विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेल्मराइख व त्यांचे सहकारी यांना आणखी दोन गोष्टी दिसल्या: उजळणी न झाल्यास शिक्षणाचा परिणाम ओसरत जातो, आणि काही थोडी माणसे अशी असतात की शिक्षणानंतर ती या विचाराच्या अधिकच विरुद्ध जातात. नियंत्रकांविषयीचा पुरावा वैमानिकांच्या मानाने तोकडाच आहे. ज्याला आकड्यांत उत्तर हवे त्याचे समाधान आज तरी होणार नाही.

तरीही मला असे शिक्षण द्यावे असेच वाटते, कारण संकटाच्या वेळी जे घडते ते आयत्या वेळी उत्पन्न होत नाही. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्क येथे उड्डाण केलेल्या एका विमानाच्या दोन्ही इंजिनांत पक्षी शिरले. त्या विमानाशी बोलणाऱ्या नियंत्रकाने तत्काळ मूळ विमानतळावरील उड्डाणे थांबवावयास लावली, परत फिरण्याचा मार्ग देऊ केला, आणि वैमानिकाने जवळच्या दुसऱ्या विमानतळाचे नाव घेताच तेथील मनोऱ्याशी बोलून धावपट्टी मोकळी करून घेतली. हे सर्व दोन-तीन मिनिटांत घडले. विमान अखेर हडसन नदीच्या पाण्यावर उतरविण्यात आले आणि १५५ माणसे सुखरूप वाचली. धावपट्टी उपयोगात आली नाही, हे खरे. पण एका माणसाच्या एका वाक्यावर तीन ठिकाणची माणसे प्रश्न न विचारता हलली, ती कशामुळे?

आपल्याकडील परिस्थितीत या शिक्षणाची गरज कमी नाही. मुंबईच्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरावी लागते, आणि दिवसाकाठी हजाराच्या आसपास विमाने तिच्यावरून ये-जा करतात. ८ जून २०२४ रोजी तेथे एक विमान उड्डाण करीत असतानाच इंदूरहून आलेले दुसरे विमान त्याच धावपट्टीवर उतरले. सुदैवाने कोणास इजा झाली नाही. चौकशी सुरू झाली आणि त्या नियंत्रकास कामावरून दूर ठेवण्यात आले. तसे करणे आवश्यक असेलही. परंतु त्या वेळी शेजारच्या खुर्चीत कोण होते, त्याला काय दिसत होते, हा प्रश्न वर्तमानपत्रांत फारसा विचारला गेला नाही. गोव्यातील दाबोळी विमानतळ नौदलाचा आहे. तेथे नियंत्रणही नौदलाकडे असून लष्करी विमाने आणि प्रवासी विमाने एकाच धावपट्टीचा उपयोग करतात. २०२३ च्या जानेवारीपासून उत्तरेस मोपा येथे दुसरा विमानतळ चालू झाला आहे. इतक्या लहान प्रदेशात दोन विमानतळ आल्यावर एकीकडच्या नियंत्रकास दुसरीकडची वार्ता ठेवल्यावाचून गत्यंतर नाही.

असे शिक्षण द्यावयाचे तर ते एकदा देऊन प्रमाणपत्र भिंतीवर लावून चालणार नाही. दर दोन-तीन वर्षांनी उजळणी हवी. आपल्याच केंद्रातील घटना चर्चेस घेतल्या पाहिजेत. आणि आपली चूक मोकळेपणाने सांगणाऱ्यास केवळ सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही, अशी हमी असली पाहिजे. यांपैकी शेवटची अट सर्वांत कठीण आहे, कारण ती नियंत्रकांच्या नव्हे, अधिकाऱ्यांच्या हाती असते. या वर्गांत पर्यवेक्षक व व्यवस्थापक यांनाही बसवावे, असे माझे मत आहे. उबरलिंगेनची हकीकत त्यांना अधिक लागू पडते.

आणि अखेरीस माणसांच्या संख्येचा प्रश्न येतो. २०२५ साली संसदेच्या स्थायी समितीने देशातील नियंत्रकांची अपुरी संख्या आणि त्यांना येणारा थकवा यांकडे लक्ष वेधले. नियंत्रकाला शिक्षणासाठी चार दिवस मोकळे करावयाचे, तर त्या चार दिवसांत त्याच्या खुर्चीवर बसावयास दुसरा नियंत्रक पाहिजे. नव्या नियंत्रकाला प्रयागराजजवळील बमरौली येथील महाविद्यालयासारख्या संस्थेत शिकून, नेमणुकीच्या ठिकाणी जुन्या नियंत्रकाच्या देखरेखीखाली उमेदवारी करून, मगच एकट्याने काम पाहण्याची अनुज्ञा मिळते. त्याला अनेक महिने लागतात. तोवर हे वर्ग भरवावयाचे असतील, तर ते वाहतूक मंदावलेल्या ऋतूत, थोड्याथोड्या माणसांचे गट पाडूनच भरवावे लागतील.